खिडकीतली झुलती खुर्ची आणि न बोलणारी गौरांगी

मित्रांनो, या गौरांगीला काय म्हणावं? हॉलमध्ये येते, कोपऱ्यात बसते, टॅबलेटवर बोटं चालवते. आमच्या मंदाकिनीबाईंना साधं "कशा आहात?" नाही. कुठली ही रीत!

मी एक जुनी झुलती खुर्ची आहे, मेपलच्या लाकडाची. इथल्या, कॅनडातल्या लव्हाल गावच्या सुतारानं मला घडवलं. शाळा मी पाहिली नाही, पण माणसं पुष्कळ सांभाळली. बाईंची नातवंडं माझ्यातच झोपली. पाहुणे म्हणत, "काय भक्कम आहे हो!" नातवंडं मोठी झाली आणि मी बेसमेंटमध्ये गेले, गाडीच्या बर्फात घालायच्या विंटर टायरांच्या शेजारी. पुढे मुलानं बाईंना ओटाव्यातल्या या वृद्धाश्रमात ठेवलं. "खुर्ची येणार असेल तरच मी येते," त्या म्हणाल्या. तेव्हापासून आम्ही दोघी खिडकीत. इथं राहणाऱ्यांत मराठी बोलणारं दुसरं कुणी नाही.

गौरांगी सायकॉलॉजी शिकते. म्हातारी माणसं दिवसभर कशी वागतात, हे ती बघते. त्यावरून दुपारी गप्पा मारायला माणूस ठेवायचं की नाही, ते इथले लोक ठरवणार. पहिल्या दिवशी ही गुणाची पोर येताच बाईंच्या पाया पडली. झालं! बाईंनी पदर सावरला, चिवड्याचा डबा उघडला, गाणंसुद्धा म्हटलं. हिनं लिहिलं, आजी मजेत आहेत. तिच्या कॉलेजातल्या मॅडम फोनवर भडकल्या. "तू पाहुणी झालीस, म्हणून त्या तशा वागल्या! पुन्हा जा. वेगवेगळ्या वेळी जा. बोलू नकोस. त्या तुला विसरेपर्यंत बस."

बाई रोज पदर सावरून तिच्याकडे बघायच्या. ती गप्प. हळूहळू डबा उघडायचा थांबला. दुपारभर बाई माझ्या हातावर बोट फिरवत बसू लागल्या.

मित्रांनो, माणसाचं खरं वागणं बघायचं तर गप्प बसावं लागतं, एवढं मलाही कळलं. पण बघणारा घरी जातो. ज्याला बघितलं, तो तिथंच राहतो. त्याला तसंच टाकून जाऊ नका.

आज शेवटचा दिवस. गौरांगीनं बूट चढवले. बाईंनी माझे हात घट्ट धरले. जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही या बाईनं.

"थांब गं! झालं बघून?"

"हो आजी. सॉरी, बोलायला अलाउड नव्हतं."

"मग लिही, मंदाकिनी एकटी आहे. लिही, लाजू नकोस. आणि तुझं सांगू? हुशार आहेस, पण फार कोरडी आहेस. काढ ते बूट, बस इथं."