नागविषाचा वैरी

मी नागाच्या विषाचा वैरी बोलतोय. डोळ्यांना न दिसणारा प्रथिनाचा एक कण, पण अंगात खुमखुमी भारी.

माझा जन्म एका घोड्याच्या रक्तात झाला. माणसांनी त्याला थोडंथोडं विष टोचलं, तेव्हा त्याच्या चवताळलेल्या रक्ताने मला घडवलं. मला ना दात, ना नखं. फक्त दोन हात, आणि त्यांच्या टोकांना विषाच्या कणाच्या बरोब्बर मापाच्या खाचा. खाचेत तो अडकला की संपला. पुढे कारखान्यात माझी शेपटी छाटली, मला वाळवून भुकटी केली, बाटलीत कोंबलं. शेपटी गेली तर गेली. हात शाबूत होते.

हेब्बाळच्या शेडमध्ये कापडाचा गठ्ठा उचलताना मृदुलेला नाग डसला. नवऱ्याने, रघूत्तमने, तिला जवळच्या दवाखान्यात आणलं तेव्हा तिच्या पापण्या मिटत होत्या, श्वास अडखळत होता. नसांचा निरोप स्नायूंना जिथे पोचतो, तिथेच विषाचे कण ठाण मांडत होते.

परिचारिका सहानाने भुकटीत पाणी घालून एक बाटली रघूत्तमच्या हाती दिली. "तळहातात हळू फिरवा," म्हणाली, आणि मृदुलेच्या तोंडावर मुखवटा घट्ट धरून, त्याला जोडलेला रबरी फुगा दाबत तिला श्वास देऊ लागली.

भुकटी विरघळेना. रघूत्तमचं घराणं रंगाऱ्यांचं. "रंग विरघळंना तर कढत पाणी दाव, म्हणायचा आमचा अज्जा," असं पुटपुटत त्याने बाटली थर्मासच्या पाण्यात बुडवली. मेलं कसलं हे प्रेम! आतले माझे भाऊ होरपळले. घड्या उसवल्या, हात पिळवटले, खाचा बुजल्या; उकडलेल्या अंड्यासारखे पांढरे गोळे झाले. आकार गेला की आमच्यात उरतं काय? शेजारच्या बाटलीत मी संतापाने जळत होतो.

"अय्यो, बिसि नीरु बेडा!" सहाना किंचाळली. गरम पाणी नको, हे त्याला उशिरा कळलं.

"आता माझी मृदुला?" तो रडू लागला.

"अजून बाटल्या आहेत. फुगा तुम्ही दाबा," म्हणत तिने माझ्या बाटलीत साधं पाणी घातलं आणि भुकटी विरेपर्यंत ती तळहातात हळू फिरवली.

सुईतून मी रक्तात घुसलो आणि आम्ही कत्तल मांडली. स्नायूकडे धावणारा एक कण मी वाटेतच गाठला, खाचेत आवळला. तो वळवळला. दुसऱ्या हाताने त्याच्या भाऊबंदाची मान धरली.

बऱ्याच वेळाने मृदुलेच्या पापण्या उघडल्या. तोंडावरून मुखवटा निघताच ती पुटपुटली, "साकु वो, पुरे... गाल दुखतंय."

बाबांनो, आम्हाला कधी तापवू नका. दोन्ही वैरी अजून माझ्या मुठीत आहेत. मूठ सोडता येत नाही. माझी घडणच तशी. आता हे शरीर त्यांच्याबरोबर मलाही गिळून टाकेल. खुशाल गिळो. मृदुला आपला श्वास आपण घेते आहे.