कमलबाईंभोवतीची तीन वर्तुळं

साखऱ्याच्या कमलबाईंच्या शेळीने सकाळी दहा वाजता ऐश्वर्याचं नर्सिंगचं अख्खं तिसरं वर्ष चघळून गिळलं. म्हणजे गिळला चार्ट. पण परीक्षक अकराच्या जीपने येणार म्हटल्यावर दोन्ही एकच. याच विषयात पोरगी मागच्या खेपेला आपटली होती. पुन्हा आपटली तर हिंगोलीत ठरलेली नोकरी गेलीच म्हणायची.

विषय तसा झकास. माणूस म्हणजे नुसतं चढलेलं बीपी नव्हे. शरीर, मन, गणगोत, वय, श्रद्धा, सगळं मिळून तो एक. मधे माणूस, भोवती त्याला सांभाळणारी वर्तुळं आणि बाहेरून त्यांच्यावर आदळणारे ताणांचे बाण. महिनाभर कमलबाईंच्या घरी खेटे घालून ऐश्वर्याने हे सगळं कागदावर सुबक मांडलं होतं, आणि शेळीला ते आवडलं होतं.

"रडू नगं, सिस्टर," कमलबाई म्हणाल्या. "माज्या सुनंचा हात बघ."

सून शीतल रांगोळीचा डबा घेऊन धावली. कमलबाईंना अंगणाच्या मधोमध खुर्चीत बसवलं नि भोवती तीन वर्तुळं पडली. आतल्यात त्यांची मूळची जिद्द, मधल्यात गोळ्या, झोप आणि बेताचं मीठ, बाहेरच्यात लेक-सून. शीतलला राहवेना. तिने कडेने दोन मोरही काढले.

"अहो वहिनी, मोर कशाला?"

"रिकामं दिसून राहिलं होतं."

मग बाण. सगळ्यात लठ्ठ बाण तांबडा, त्याच्याजवळ ठसठशीत अक्षरं: मिराबाईशी भांडण. मिराबाई भिंतीपलीकडच्या. गावात हळद शिजवायचा बॉयलर आला, तेव्हा कमलबाईंचा नंबर डावलून त्यांनी आपली हळद शिजवून घेतली. त्यावरून जी जुंपली, त्यानंतर दोन महिने अबोला आणि कमलबाईंचं बीपी चढतं. उपायही ऐश्वर्याने स्वतःच्या हुशारीने लिहिला: रुग्णास मिराबाईंपासून लांब ठेवणे.

परीक्षक वासंतीमॅडम आल्या. बीपी मोजलं, एकशे साठ. वर्तुळं पाहून त्यांनी मान डोलावली.

"आणि हे मोर?"

"सांस्कृतिक घटक, मॅडम," ऐश्वर्या घाम पुसत म्हणाली.

तेवढ्यात भिंतीवर मिराबाईंचं डोकं उगवलं. त्यांनी सगळं मोठ्याने वाचलं, आणि दुसऱ्या क्षणाला त्या फाटकातून आत, मोराची मान तुडवत, तिन्ही वर्तुळं ओलांडून थेट खुर्चीपुढे.

"ये कमल! मी बाण व्हय गं?"

"व्हय, तूच! माजा नंबर काहून घेतलास?"

"हाका मारून राहिले होते मी! तू खुशाल झोपलेली!"

"खोटं! तू हाक मारली तर पार तिकडं सेनगावची माणसं जागी होत्यात!"

ऐश्वर्याला डोळ्यांपुढे निकालाचा कागद दिसायला लागला. दहा मिनिटं तोफा धडाडल्या. मग बोलता बोलता कमलबाईंना हसू फुटलं. महिनाभरात ऐश्वर्याने ते कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा तिच्या लक्षात आलं, एक गोष्ट तिने कधी विचारलीच नव्हती. ती रांगोळीतच फतकल मारून बसली.

"मावशी, तुम्हाला काय वाटतं? तकलीफ कशाची आहे तुम्हाला?"

कमलबाईंनी पदर सावरला. "भांडणाची न्हाई, बाई. भांडण बंद पडलं, त्याची. सगळ्या गावाची मी मावशी, सासू, आजी. मला 'ये कमल' म्हणणारी एवढीच उरली हाय. दोन महिने माजं नाव कोणी घेतलं न्हाई."

मिराबाईंनी कमलबाईंचा हात घट्ट धरला, तोही नेमका बीपीचा पट्टा बांधलेला. शीतलने मिराबाईंनाही खुर्ची दिली, चहा झाला, दोघी शांत बसल्या, मग मॅडमनी पुन्हा मोजलं. एकशे बेचाळीस.

"उपाय?" मॅडमनी विचारलं.

ऐश्वर्याने 'लांब ठेवणे' तळहाताने पुसलं, मिराबाईंची खुर्ची सगळ्यात आतल्या वर्तुळाला टेकवली आणि खाली लिहिलं: मिराबाई, दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर.

वासंतीमॅडमना हसू आवरेना. कशीबशी त्यांनी पास म्हणून सही केली. पण तोवर जेवणाची वाट न बघता दोघींनी पहिला डोस सुरू केला होता.