राजकुमारचा कागद मी घेतला

आमच्या रोहिणखेडात एक समज पक्का बसलेला आहे. कोर्टाचा कागद हातात घेतला नाही, तर केस लागतच नाही. कागदवाला दिसला की माणूस मागच्या दारानं वावरात. मीही तेच मानत आले. माझी सून पुष्पांजली आठ महिन्यांपासून माहेरी, पिंपळगाव राजाला. तिनं खामगावच्या कोर्टात फारकतीचा अर्ज टाकला. तीन वेळा कागद आला आणि तिन्ही वेळा मी दारात उभी राहून सांगितलं, "राजकुमार गावात नाही." पोरगा आत चहा पीत होता. मला लाज वाटली नाही. सून घर सोडते आणि वरून कागद धाडते, म्हणजे आम्ही काय मेलो का?

मग राजकुमारनं गवंडी लावला. मधल्या खोलीची खिडकी विटांनी बुजवून टाकली.

"काऊन बे, खोलीले हवा नको का?" मी विचारलं.

"पुष्पांजलीची खोली हाय ते. नीट करून राह्यलो."

"येते म्हणाली का ते?"

"मी आणतो. फारकत झाली नाही तोवर बायको हाय माही. कोण अडवते मले?"

हे तो आवाज न चढवता बोलला. त्याचा बाप ओरडायचा, तर मी दुप्पट ओरडून त्याला गप करायची. न ओरडणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे मला कधी कळलं नाही. गवंड्यानं त्या खोलीच्या दाराची आतली कडी काढली आणि बाहेरून दोन लावल्या. मीच त्याला चहा नेऊन दिला होता. कप परत घेताना पुष्पांजलीच्या मनगटावरचा काळा वळ आठवला. "बांगडी घट्ट होते, आत्या," असं म्हणाली होती. मीही म्हटलं होतं, असेल घट्ट.

मंगळवारी राजकुमार त्या खोलीला लोखंडी दार आणायला मलकापूरला गेला. दुपारी कोर्टाचे बेलीफ शेषराव आले. घर दाखवायला सोबत पुष्पांजलीची वकील होती, दीपमाला. माझ्या नातीएवढी दिसणारी पोरगी, पण नजर सरळ.

"राजकुमार गावात नाही," मी सवयीनं बोलले.

"चौथ्यांदा, मावशी," ती म्हणाली.

"आज खरंच नाही."

"अन् आधीच्या तीन खेपेला?"

"तू पाणी प्यायले आली का माही उलटतपासणी घ्यायले?"

ती हसली. पाणी पिता पिता तिची नजर भिंतीवर गेली. खिडकीच्या जागी ओलं प्लास्टर होतं.

"हे कधी बुजवलं?"

मी भांडं परत घेतलं.

वकीलबाई ओट्यावर बसली. "मावशी, कागद लागू होत नाही तोवर केस जागची हलत नाही, हे त्याले बरोबर समजलं. पण कायमचं तसं राहत नाही. मी दारावर चिकटवायची परवानगी मागीन, पेपरात छापून आणीन. मग तो आला नाही तरी कोर्ट एकतर्फी चालते. फक्त त्यात महिने जातात." तिनं पुन्हा भिंतीकडं पाहिलं. "पुष्पांजलीपाशी तेवढे महिने हायेत का? तुम्हीच सांगा."

कोंबड्या ओट्याखाली उकरत होत्या. मी त्यांना हाकललं.

"आज काही होत नाही का?" मी विचारलं.

शेषराव म्हणाले, "तो घरी नसला अन् लवकर भेटायची आशा नसली, तर घरातल्या मोठ्या माणसानं घेतला तरी चालते. अंगठ्याचं पॅड आणलं हाय."

"ठेवा ते पिशवीत. दुसरी शिकेल हाय मी."

नाव लिहायला मला वेळ लागतो. शालूबाई भगवानराव. नाव पुरं केलं आणि कागद घेतला.

"तो आला की काय सांगाल?" वकीलबाईनं हळूच विचारलं.

"माह्या पोटचा हाय तो. तू तुहं काम कर."

दिवस मावळायच्या आत टेम्पो आला. दार उतरवून झालं आणि मी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं दोनदा वाचला.

"कोणं घेतला?"

"मी."

"सही केली?"

"केली."

त्यानं कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. "अठरा तारीख हाय. म्हणजे अजून नऊ दिवस." मग माठातलं पाणी प्यायला. "नऊ दिवसांत लय होते, आई."

मी चपला न घालता समोरच्या कोकिळाकडं गेले आणि तिच्या फोनवरून वकीलबाईनं जाताना दिलेला नंबर लावला. "पोरीले आत्ताच्या आत्ता माहेरातून हलवा. कुठं ठेवता ते मले सांगू नका. अन् पोलिसांत तक्रार द्या. खिडकीचं, कड्यांचं मी कोर्टात येऊन सांगीन."

"अन् तुम्ही, मावशी? आज तिथंच थांबा."

"काऊन? घर माहं हाय."

परत आले तर राजकुमार उंबरठ्यावर बसलेला, दोन्ही पाय चौकटीला लावून.

"कोणाले फोन केला, आई?"

"सरक."

"कोणाले?"

"सरक बे."

तो सरकला नाही. मीही भर गल्लीत तशीच उभी राहिले. कोकिळा तिच्या दारातून पाहत होती. दार लावून आत जाऊ नको, पाहत राहा, असं मी तिला हातानं खुणावलं.