विचारल्यावाचून

हिंदे आली तेव्हा रब्बी मेशुलम भाष्याच्या शेवटच्या भागावर हात फिरवत बसले होते. सणांचे दिवस संपले की हस्तलिखित ल्वोवजवळच्या छापखान्यात जायचं होतं. कायद्याच्या मोठ्या ग्रंथातला विवाहाचा खंड, आणि त्यातल्या कलमाकलमावर त्यांचं भाष्य. अर्ध्या आयुष्याची मेहनत होती. पोद्लिस्का गावात रब्बींच्या भाष्याचा अभिमान इतका, की ज्याला अक्षर लावता येत नव्हतं तोही बाहेरगावी गेला की म्हणायचा, "आमचे रब्बी लिहितायत."

"बाई आलीय," त्यांची बायको द्रेझल दारातून म्हणाली. "नदीकाठच्या खेड्यातून. पायी."

हिंदे पंचविशीची असेल. पायांना चिखल, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"मी रडायला आले नाही, रब्बी," ती म्हणाली. "रडणं उरकलंय माझं. आमच्या गावचे रब्बी लेमेल तुमचे शिष्य ना? ते म्हणाले, रब्बी मेशुलमांनी लिहून ठेवलंय, माझा इलाज नाही. म्हटलं, लिहिणाऱ्याचं तोंड तरी बघून येऊ."

तिची हकीकत साधी होती. नवरा गेत्झल कातडी विकायचा. गेल्या हिवाळ्यात द्नीस्तर नदीचं बर्फ फुटलं आणि तो घोड्यासकट गेला. प्रेत मिळालं नाही, आणि प्रेत नसेल तर बाई विधवाही नाही. वाहत्या नदीत बुडालेला माणूस खाली कुठेतरी बाहेर निघून जिवंत असेल, ही शंका कायदा सोडत नाही. मग वसंतात इवास नावाचा ख्रिस्ती कोळी पिठाच्या गिरणीवर आला. गिरणीवाल्या ज्यू माणसानं विचारलं, "काय इवास, यंदा मासळी कशी काय?" इवास म्हणाला, "कसली मासळी! जाळ्यात पहिला आला तो तुमच्यातला कातडीवाला गेत्झल. काठावर पुरला बिचाऱ्याला." पुढे पुरानं तो काठ नेला, आणि इवास होडी घेऊन खालच्या अंगाला निघून गेला तो गेलाच.

मेशुलमांना पुढचं सांगायची गरज नव्हती. अडकलेल्या बायकांसाठी जुन्या आचार्यांनी मोठी सूट दिली होती. इतर खटल्यांत दोन साक्षीदार लागतात, इथे एकही चालतो. परधर्मी माणूसही चालतो. अट एकच: त्यानं साक्ष द्यायची म्हणून नव्हे, सहज बोलता बोलता, आपणहून सांगितलेलं असावं. आणि आपणहून म्हणजे काय, यावर मेशुलमांनी भाष्यात एक ओळ लिहिली होती. समोरच्यानं आधी काहीही विचारलं असेल, तर ते उत्तर झालं, सहज बोलणं नव्हे.

"म्हणजे गिरणीवाल्यानं मासळीचं विचारलं नसतं, तर मी मोकळी झाले असते?" हिंदेनं विचारलं.

"तसं नाही..." मेशुलम म्हणाले, आणि थांबले. कारण ते तसंच होतं.

"बघितलं तोंड," ती म्हणाली. "येते मी." द्रेझलनं बळेच हातात दिलेली राय धान्याची भाकरी आणि कांदा घेऊन ती आली तशी गेली.

त्या दिवसापासून मेशुलमांची बैठक मोडली. बसले की उठत, उठले की पुस्तक काढत, एक ओळ वाचून मिटत. भाष्यातली ती ओळ खोटी नव्हती. विचारलेला माणूस शब्द तोलून बोलतो, विचारणाऱ्याला बरं वाटावं असं बोलतो, हा मुद्दा त्यांनी चार बाजूंनी सिद्ध केला होता. एका बाईच्या चिखलाच्या पायांकडे बघून कायदा वाकवायचा नसतो, हेही ते शिष्यांना सांगत आले होते. पण आता दुसरंच काही टोचत होतं. ती ओळ त्यांनी कुणासाठी लिहिली होती? दोब्रोविचच्या अझरिएलसाठी. तरुणपणी लुब्लिनला दोघं एका बाकावर शिकले, एका कांबळ्यात झोपले. पुढे अझरिएलचं भाष्य आधी छापून आलं. त्यात याच जागी त्यानं लिहिलं होतं, की त्याच माणसाबद्दल विचारलं असेल तरच बिघडतं, बाकी चौकशीनं काही बिघडत नाही. ते वाचल्यावर मेशुलम अस्सा पेटले होते, की खोडून काढेपर्यंत जेवण गोड लागलं नव्हतं. सत्यासाठी पेटलो होतो की अझरिएलसाठी? ते त्यांना आता सांगता येईना.

"अहो, रडकं मूल बरं तुमच्यापेक्षा," द्रेझल एका सकाळी म्हणाली. "बीटाचं सार तिसऱ्यांदा गरम केलं. जायचं तर जा एकदाचे."

"कुठे जायचं?"

"मला काय विचारता? दोन दिवस झोपेत अझरिएल, अझरिएल चाललंय तुमचं."

रविवारी गाडी ठरवली. शाखने नावाचा गाडीवान बडबड्या होता, पण रस्ता वाईट असल्यामुळे घोड्याशीच बोलत होता. अर्ध्या वाटेवर गाडीचा कणा मोडला. शाखने लोहार शोधायला गेला आणि मेशुलम रस्त्याकडेच्या गुत्त्यात भट्टीमागच्या बाकावर जाऊन बसले. सोबत पुस्तक नव्हतं. असं रिकामं बसायची त्यांना सवय नव्हती. पाय हलत होते, बोटं दाढीत फिरत होती, आणि करायला काहीच नसल्यामुळे ते ऐकू लागले.

दार उघडलं की गुत्तेवाली म्हणायची, "काय हो, थंडी काय म्हणते?" आणि आलेला माणूस थंडी सोडून सगळं सांगायचा. कुणाची गाय मेली, कुणाच्या सुनेनं घर सोडलं, जमीनदाराच्या कारभाऱ्याला कुठल्या खेड्यात झोडपलं. एकानं विचारलं, "घोडी बरी का रे?" तर उत्तर आलं, "घोडी बरीय, भाऊ गेला." मेशुलमांनी मान वर केली. भावाचं कुणी विचारलं नव्हतं. पण कुणी काही विचारलंच नसतं, तर हा बोलला असता का?

मग ते मुद्दाम कान देऊन बसले. एक तरी माणूस येईल, जो कुणी तोंड उघडायच्या आत आपणहून काही सांगेल. दुपार कलली. शेवटी एक म्हातारा शेतकरी आला. गुत्तेवाली मागच्या अंगणात होती. तिच्या पोरीनं न बोलता त्याच्यापुढे पेला ठेवला. म्हाताऱ्यानं तो संपवला, भिंतीकडे बघत थोडा वेळ बसला, तोंड पुसलं आणि गेला. चेहऱ्यावर काहीतरी होतं, पण त्याला कुणी काही विचारलं नाही, आणि तो काही बोलला नाही.

मेशुलम ताडकन उठले. आपण मागितलेलं सहज बोलणं जगात नाहीच. माणूस माणसाला आधी काहीतरी विचारतो, मगच बोलणं सुरू होतं. जुन्या आचार्यांनी बायकांसाठी एक दार उघडं ठेवलं, आणि आपण त्याला असा उंबरा घातला की कुणाचाच पाय ओलांडून जाऊ नये. जी सूट कधी मिळूच शकत नाही, ती आचार्य देतील कशाला? मुद्दा पक्का होता. कुठून फिरवला तरी सुटत नव्हता. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ते दोब्रोविचला पोहोचले. अझरिएल आता जाडजूड झाला होता, चालला की धाप लागायची. दारात मेशुलमांना बघून त्यानं आधी ओळखलंच नाही, मग ओळखून हसला.

"अरे, तू! मेलास असं ऐकलं होतं."

"कुणी सांगितलं?"

"सहज बोलता बोलता कुणीतरी." तो आपल्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला. मधात शिजवलेला मुळा आणि ब्रँडी पुढे आली. मेशुलमांनी कशालाच हात लावला नाही.

"अझरिएल, एक बाई आहे. तिला मोकळं करायचंय. तीन सह्या लागतील. माझी, लेमेलची, आणि तुझी हवी." त्यांनी गिरणीची हकीकत सांगितली. "तुझं भाष्य बरोबर होतं. मी चुकलो."

अझरिएलचं हसू मावळलं. "हे बोलायला एवढ्या लांब आलास?"

"हो."

"मग ऐक. चुकलो तो मी. तुझ्या हस्तलिखिताची नक्कल माझ्याकडे एका विद्यार्थ्यानं आणली होती. आठ वर्षं झाली. एक अख्खा हिवाळा मी तुझा मुद्दा खोडायला बसलो. नाही खोडता आला. माझ्या छापील भाष्यावर मी स्वतःच्या हातानं काट मारलीय. हे बघ." त्यानं पुस्तक उघडून दाखवलं. त्या जागी शाईची जाड रेघ होती.

"वेडा आहेस? मुद्दा चुकीचा आहे माझा!"

"बरोबर आहे! विचारलेला माणूस शब्द तोलतो, हे तूच लिहिलंस!"

"लिहिलं असेल, पण माणसं तशी बोलत नाहीत!"

"माणसं कशी बोलतात ते तू मला शिकवणार? तू? लुब्लिनला भाकरी मागायची झाली तर चिठ्ठी लिहायचास!"

दोघं ओरडू लागले. मेशुलम अझरिएलची बाजू मांडत होते आणि अझरिएल मेशुलमांची, आणि दोघांनाही मागे हटायचं नव्हतं. शेवटी मेशुलमांनी गुत्ता सांगितला. घोडी बरी असलेला माणूस सांगितला, भिंतीकडे बघत बसलेला म्हातारा सांगितला. अझरिएलनं सगळं ऐकलं. त्यानं पुस्तक मिटलं.

"मेशुलम," तो म्हणाला, "आठ वर्षांपूर्वी का नाही रे गेलास त्या गुत्त्यात?"

"का? काय झालं?"

"आमच्यात याखेत म्हणून बाई आहे. तिचा नवरा सैनिकांनी मारला. सांगणारा एक खेडूत, आणि त्याला आधी कुणीतरी 'कुठून येतोस' एवढंच विचारलं होतं. तोवर मी तिला मोकळं करणार होतो. कागद तयार होता. तेवढ्यात तुझी नक्कल आली." त्यानं हिंदेच्या सुटकेचा कागद ओढला, सही केली आणि मेशुलमांकडे न बघता म्हणाला, "याखेतला तू सांग. मी नाही सांगणार. बेकरीमागच्या अंगणात असते."

याखेत उशांसाठी हंसाची पिसं सोलत बसली होती. भोवती पांढरा ढीग, केसांच्या रुमालावर पिसं. वय चाळिशीचं असेल, पण बसणं म्हातारीचं.

"कोण तुम्ही?" तिनं विचारलं.

"पोद्लिस्क्याचा मेशुलम. रब्बी आहे."

"रब्बी आमच्याकडे आहेत एक. पुरेसे आहेत."

मेशुलमांनी सरळ सांगितलं: ज्या मुद्द्यामुळे तुम्हाला अडवलं तो माझा होता. तो चुकीचा होता. आम्ही दोघांनीही मान्य केलंय. तुम्ही मोकळ्या आहात.

याखेतचे हात थांबले नाहीत. "झेलिग पिंपवाल्यानं मला मागितलं होतं," ती म्हणाली. "दोन वर्षं थांबला. चांगला माणूस. आता तीन पोरं आहेत त्याला. त्याच्या बायकोला मीच उशा भरून दिल्या."

मेशुलमांच्या बाहीवर एक पीस येऊन बसलं; त्यांनी ते उचलून ढिगात ठेवलं.

"एक सांगा," ती म्हणाली. "मी मोकळी आहे म्हणता, ती आजपासून? की तेव्हापासून?"

आयुष्यभर मेशुलमांना प्रश्न विचारले गेले होते, पण इतका नेमका क्वचितच. कायद्यानं उत्तर एकच होतं. मुद्दा चुकीचा होता तर तो पहिल्या दिवसापासून चुकीचा होता.

"तेव्हापासून," ते म्हणाले.

आता तिचे हात थांबले. "म्हणजे मी मोकळीच होते."

"हो."

"आणि सगळ्यांनी मला सांगितलं की नाहीस."

"हो."

ती उठली, अंगावरची पिसं झटकली. मेशुलमांना वाटलं, आता शिव्या देईल. त्यांनी त्या घेतल्याही असत्या. पण ती फक्त म्हणाली, "मग हे लिहा कुठेतरी. तुम्हा लोकांना लिहिता येतं ना? लिहा की ती मोकळीच होती." आणि पाठ फिरवून आत गेली.

शुक्रवारच्या आत ते घरी पोहोचले. लेमेलनं सही केली, थोडा कुरकुरला, पण केली. कागद हिंदेकडे गेला. तिनं उत्तरादाखल काही कळवलं नाही, फक्त हिवाळ्याच्या तोंडाशी एका विधुर कुंभाराशी लग्न लावलं. द्रेझलला कुणीतरी बाजारात ते सांगितलं.

छापखान्यात हस्तलिखित द्यायला मेशुलम स्वतः गेले. खिळे जुळवणारा जुळारी चष्मा वर करून म्हणाला, "रब्बी, इथे दोन गोष्टी उलटसुलट लिहिल्यात. वर म्हणता अडवावं, खाली म्हणता अडवू नये. वरचं काढू का?"

"काढू नका."

"पण वाचणारा म्हणेल, भाष्यकाराचं डोकं ठिकाणावर नव्हतं."

"म्हणू दे. वरचं वाचून कुणीतरी आधीच निकाल दिला असेल. त्यानं खालचंही त्याच पानावर वाचावं."

खाली त्यांनी गुत्त्यातला मुद्दा लिहिला होता, आणि त्याच्या शेवटी, भाष्यात सहसा कुणी लिहीत नाही असं एक वाक्य: 'माझ्या वरच्या म्हणण्यामुळे जिला अडवलं गेलं, ती पहिल्यापासून मोकळीच होती.' जुळाऱ्यानं ते दोनदा वाचलं.

"ही कोण?"

"आहे एक."

पुस्तक निघालं तेव्हा मेशुलमांनी पहिली प्रत दोब्रोविचला पाठवली, याखेतसाठी. अझरिएलकडून निरोप आला, की ती बहिणीकडे दूर कुठल्यातरी गावी निघून गेली, कुठल्या ते कुणालाच सांगून गेली नाही. प्रत माझ्याकडे ठेवून घेतो.

मेशुलमांनी पुढचा खंड हाती घेतला, पण पूर्वीसारखे सलग बसले नाहीत. एखादी ओळ लिहिली की उठायचे, टोपी घालायचे आणि बाजारात जाऊन मेंढ्यांच्या, मिठाच्या, मातीच्या भांड्यांच्या गर्दीत उभे राहायचे. द्रेझल विचारायची, "आता कुठे?" ते म्हणायचे, "बघून येतो, असं असतं का ते." कधी लवकर परतायचे. कधी लिहिलेली ओळ खोडायलाच परतायचे. तो खंड त्यांच्या हातून पुरा झाला नाही.