कुलपामागचा पारा

मित्रांनो, तुम्ही आजकाल दंडाला पट्टा बांधता, बटण दाबता, आणि एक छोटी पेटी गुरगुरून तुमचा रक्तदाब सांगते. मी त्या पेटीचा आजोबा. मी एक राखाडी पत्र्याचा, पाऱ्याचा, रक्तदाब मोजण्याचा जुना डबा आहे. मला बटण नाही. माझं झाकण उघडावं लागतं, फुगा हाताने दाबावा लागतो आणि, सगळ्यात वाईट म्हणजे, माझ्यापुढे बसून लक्ष द्यावं लागतं. म्हणूनच माझे दिवस संपले असावेत.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका बाईने माझ्या काचेच्या नळीशेजारी शून्यापासून तीनशेपर्यंत दोन-दोनच्या अंतराने बारीक रेघा मारल्या. दुसरीने तोंडाला फडकं बांधून पारा भरला. तिसऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे न बघता ‘तपासले’ असा शिक्का मारला. असे न बघता शिक्का मारणारे मला पुढे आयुष्यात पुष्कळ भेटले.

मी एका आरोग्य केंद्रात नोकरीला लागलो. पहिली काही वर्षं माझ्या रेघांचा अपमानच झाला. रेघा दीडशे होत्या, पण लोकांना शेवटी शून्य असलेल्याच दिसत. पारा एकशे चव्वेचाळीसवर असो की एकशे छत्तीसवर, वहीत पडायचे एकशे चाळीस. मग मी सिस्टरच्या हाती आलो आणि माझं भाग्य उजळलं.

सिस्टर पंचेचाळिशीच्या, चष्मेवाल्या, आणि कामाच्या बाबतीत अत्यंत खडूस. त्या माणसाला आधी पाच मिनिटं खुर्चीत गप्प बसवत. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, तोंड बंद. माणसाला पाच मिनिटं गप्प बसवणं हे माझ्या मते वैद्यकशास्त्रातलं सगळ्यात अवघड काम आहे. मग डोळे पाऱ्याच्या रेषेत यावेत म्हणून त्या चक्क गुडघ्यांवर बसत आणि जे दिसेल तेच लिहीत. एकशे चव्वेचाळीस म्हणजे एकशे चव्वेचाळीस.

एकदा केंद्राचे साहेब म्हणाले, “सिस्टर, दोन-चार आकडे इकडेतिकडे झाले तर काय आभाळ कोसळणार आहे?”

“नाही कोसळणार साहेब,” सिस्टर म्हणाल्या. “पण मग तुमचा पगारही शून्यावर आणून लिहू का?”

सिस्टरच्या पिशवीत माझ्याबरोबर फॉर्म, पाण्याची बाटली, जादा चष्मा आणि लाल दोऱ्यात बांधलेली एक किल्ली असे. किल्ली त्यांच्या थोरल्या भावाच्या घराची होती. तो आणि वहिनी दोघंही सकाळपासून कामावर, म्हणून जादा किल्ली बहिणीकडे. चालताना ती माझ्या पत्र्यावर आपटायची. खण, खण, खण. तिचा आवाज लक्षात ठेवा, मित्रांनो. गोष्ट तिच्यावरच येणार आहे.

एका वर्षी गावभर आरोग्य पाहणी निघाली. कुणाला कोणता आजार, किती जणांना, आणि कशामुळे, हे वस्तीनुसार शोधायचं होतं. वजन, रक्तदाब, तंबाखू, झोप, मीठ, सगळं विचारायचं. सिस्टरच्या वाट्याला दोन वस्त्या आल्या. एक निवृत्त लोकांची कॉलनी. दुसरी लॉन्ड्रीची गल्ली. तिथली बहुतेक माणसं शेजारच्या मोठ्या लॉन्ड्रीत कामाला. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी उकळायच्या, पिळायच्या, वाफेच्या प्रेसखाली घालायच्या. फॉर्मच्या मागे बारा नियम छापले होते. त्यातला चौथा असा: ‘घरास कुलूप असल्यास तसे नोंदवून शेजारचे घर घ्यावे.’

वाचायला किती सोज्वळ नियम!

कॉलनीत आमचं जंगी स्वागत झालं. प्रत्येक दाराशी कुणीतरी वाटच पाहत होतं. एका आजोबांनी स्वतःचा तीन वर्षांचा रक्तदाब वहीत लिहून ठेवला होता आणि माझा आकडा त्यांना पसंत पडला नाही म्हणून मला चार वेळा कामाला लावलं. एक आजी म्हणाल्या, “माझा जास्त आला ना? सुनेला जरा मोठ्याने सांगा.”

लॉन्ड्रीच्या गल्लीत आम्ही सकाळी दहाला गेलो. कुलूप. शेजारी कुलूप. त्याच्या शेजारी एक विशीतली मुलगी तान्हं बाळ घेऊन उभी. रक्तदाब एकशे आठ. पुन्हा दोन कुलपं, मग सुट्टीवर आलेला एक पहिलवान गडी. एकशे सोळा. सतराव्या घराशी सिस्टर थबकल्या. हिरवं दार, पितळी कुलूप. किल्ली माझ्या पत्र्यावर खणकन आपटली. दार त्यांच्या दादाचं होतं.

सिस्टरनी घड्याळ पाहिलं, फॉर्मवर ‘कुलूप’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि शेजारच्या बाळंतिणीकडे वळल्या. त्यांची चूक मी काढत नाही. नियमाप्रमाणेच केलं त्यांनी. मी स्वतः तेव्हा पिशवीत डुलक्या काढत होतो.

दोन महिन्यांनी अहवाल आला. कॉलनीत शंभरातल्या त्रेचाळीस जणांचा रक्तदाब जास्त. लॉन्ड्रीच्या गल्लीत शंभरात सहा! साहेब हरखून गेले. अहवालाला त्यांनी स्वतः नाव दिलं, ‘घामाचे आरोग्यदायी परिणाम’. बैठकीत त्यांनी सांगितलं, “गल्लीतल्या दवाखान्याची गरजच नाही. लोक ठणठणीत आहेत. पुढच्या महिन्यापासून तो आपण कॉलनीत हलवू.”

हा दवाखाना म्हणजे गल्लीच्या तोंडाशी एक खोली. आठवड्यातून दोनदा सकाळी एक डॉक्टर बसायचे आणि बहुतेक वेळ पेपर वाचायचे. पण गोळ्या फुकट मिळायच्या, आणि दुसरा दवाखाना बसने पाऊण तासावर होता. तो गेला की गल्लीला आधार उरणार नव्हता.

संध्याकाळी सिस्टरनी टेबलावर पिशवी ठेवली, आणि किल्ली खणकली. त्या किल्लीकडे बघतच राहिल्या. मग तडक आकडेमास्तरांच्या खोलीत गेल्या.

आकडेमास्तर म्हणजे केंद्राचे आकडेतज्ज्ञ. पाच पेन्सिली, पाचही टोकदार, आणि चेहऱ्यावर आयुष्यात कधी हसू नाही.

“मास्तर, गल्लीत कुलपं किती होती?”

त्यांनी कागद काढला. “दोनशे दहा घरांत एकशे त्रेचाळीस.”

“आणि कॉलनीत?”

“चार. त्यातलं एक तीर्थयात्रेला गेलं होतं, बाकीची तपासणीलाच गेली होती.”

“मग त्या एकशे त्रेचाळीस घरांतली माणसं मोजली कुणी?”

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांच्या दृष्टीने हा मोठा आकांत होता. “कुणीच नाही. आपण गल्ली मोजली नाही, सिस्टर. गल्लीत सकाळी दहाला कोण रिकामं असतं, ते मोजलं.”

“त्यातलं एक कुलूप माझ्या दादाचं होतं. त्याची किल्ली माझ्या पिशवीत होती,” सिस्टर म्हणाल्या. “आणि मी लिहिलं, कुलूप.”

“पुढची बैठक सोळा तारखेला आहे,” मास्तर म्हणाले. धीर देण्याची त्यांची तीच पद्धत.

दुसऱ्याच दिवशी मी लॉन्ड्रीच्या फाटकात हजर. दुपारचे दोन, पाळी सुटण्याची वेळ. मित्रांनो, तिथली वाफ मी विसरणार नाही. माझी काच पुसेपर्यंत पुन्हा धूसर व्हायची. यंत्रांचा आवाज असा की माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायची, आणि बाहेर आल्यावरही ओरडतच राहायची.

मुकादम म्हणाले, “माझ्या बाकावर काय ते करा. पण वेळ खाऊ नका.”

बाकावर कुणी बसेना. घोळका लांब उभा. एक बाई कुजबुजली, “जास्त निघालं तर कामावरून काढतील गं.” ते ऐकून दोघंजण मागच्या मागे सटकले.

तेवढ्यात घोळक्यातून एक उंच, कपाळावर घाम निथळणारा माणूस पुढे आला. सिस्टरचा दादा. बावीस वर्षं वाफेच्या प्रेसवर.

“सरका रे! मी बसतो आधी. मला काय धाड भरलीय?” तो धपकन बसला. “आमची छकुली लहानपणी बाहुल्यांना इंजेक्शनं द्यायची. एकही वाचली नाही.”

सगळे हसले. सिस्टरचे कान लाल झाले. “दादा, पाच मिनिटं गप्प बस.”

“बघा! पन्नाशीला आलो तरी हीच शिक्षा.”

पण तो गप्प बसला. पट्टा बांधला गेला. सिस्टर गुडघ्यांवर बसल्या, स्टेथोस्कोपच्या नळ्या कानात घातल्या, फुगा दाबला, मी दोनशेच्या वर चढलो, आणि त्यांनी हळूहळू हवा सोडली. निरोगी माणसाच्या दंडात बराच वेळ शांतता असते. इथे एकशे शहाऐंशीलाच पट्ट्यात ठोका पडला. ठक. आणि पडतच राहिला, पार एकशे चौदापर्यंत.

त्या क्षणी मला आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलावंसं वाटलं. पण माझ्या अंगात ते नाही. पारा जिथे असतो तिथेच असतो.

“किती गं?”

“बोलू नको. परत घ्यायचंय.”

तीन वेळा घेतला. आकडा दोन-चार रेघांनी हलला, फार नाही.

“मशीन बिघडलंय वाटतं,” दादा म्हणाला.

“मशीन ठीक आहे, दादा.” सिस्टरनी त्याच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. मग उठला, बाही खाली केली आणि घोळक्याकडे वळून ओरडला, “या रे, बसा! दुखत-बिखत नाही. फक्त बोलू देत नाही ती!”

माझ्यासमोर शूर माणसं पुष्कळ बसली. पण शौर्य म्हणजे काय, ते हा गडी उठून घोळक्याकडे वळला तेव्हा मला कळलं.

रांग लागली. सिस्टरनी प्रत्येक आकडा जसाच्या तसा लिहिला. शेवटी मुकादमांनीही गंमत म्हणून दंड पुढे केला. एकशे अडुसष्ट. त्यानंतर त्यांनी वेळेबद्दल चकार शब्द काढला नाही.

संध्याकाळी आम्ही हिरव्या दाराशी गेलो. या वेळी कुलूप नव्हतं. वहिनी म्हणाल्या, “सहा महिने झाले, रोज दुपारी डोकं धरून बसतात. म्हणे वाफेने होतं.”

“मग मला का नाही सांगितलंस, वहिनी?”

“तू कधी विचारलंस? दारावर आलीस, कुलूप लिहिलंस आणि गेलीस. शेजारणीने सांगितलं मला.”

दादा आतून ओरडला, “अगं, तिला चहा तरी दे. मग झाड!”

सोळा तारखेच्या बैठकीत आकडेमास्तर उभे राहिले. लॉन्ड्रीत एकशे अठरा जण मोजले होते. शेहेचाळीस जणांचा दाब जास्त, त्यातल्या एकतीस जणांना त्याचा पत्ताच नाही. मास्तरांनी आणखी एक काम केलं होतं. सत्तरीच्या आजोबांची तुलना विशीच्या बाळंतिणीशी न करता त्यांनी चाळिशीतल्यांची गाठ चाळिशीतल्यांशी घातली. तेव्हा गल्ली कॉलनीच्या पुढे निघाली.

साहेब घसा साफ करून म्हणाले, “म्हणजे आपला आधीचा अहवाल चूक होता?”

“नाही साहेब,” मास्तर म्हणाले. “घरी असलेल्या माणसांचा तो अगदी अचूक अहवाल होता.”

दवाखाना हलला नाही. हलली ती त्याची वेळ. आता तो दुपारी दोन ते पाच उघडा असतो, आणि डॉक्टरांना पेपर वाचायला वेळ मिळत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. कॉलनीतल्या आजी-आजोबांसाठीही महिन्यातून एकदा फेरी सुरू झाली, कारण आजारी तेही होतेच. जास्त निघालं म्हणून लॉन्ड्रीतून कुणालाही काढलं नाही. स्वतः मुकादमच गोळीवर होते! त्यांनी प्रेसजवळ मोठे पंखे बसवले आणि दर दोन तासांनी दहा मिनिटांची विश्रांती ठेवली. स्वतःचा पारा चढल्याशिवाय पंखा फिरत नाही काही लोकांचा. पण फिरला, हे महत्त्वाचं.

दादाने गोळ्या सुरू केल्या, तंबाखूची डबी वहिनींच्या स्वाधीन केली. आधी कुरकुरला, मग सवय झाली. चार महिन्यांनी तो बाकावर बसला, पाच मिनिटं गप्प. मी चढलो, उतरलो. एकशे अडतीस, शहाऐंशी.

“पास?”

“काठावर,” सिस्टर म्हणाल्या, आणि चष्मा पुसायला लागल्या. त्या दिवशी वाफ अजिबात नव्हती.

मित्रांनो, नंतर बटणवाली पेटी आली. मी फुटलो तर माझ्या पोटातला पारा माणसांना अपाय करतो, म्हणून मला कामावरून काढलं. यात माझी तक्रार नाही. लोकांना जपण्यासाठी मी होतो, तर लोकांना जपण्यासाठी बाजूलाही व्हायला हवं. आता मी केंद्रातल्या कपाटात असतो. गंमत बघा, त्या कपाटाला कुलूप आहे! नव्या परिचारिका शिकायला आल्या की सिस्टर ते उघडतात, मला टेबलावर ठेवतात आणि शून्याशिवायच्या रेघा बोटाने दाखवतात. मग त्या पाहणीचा नवा फॉर्म काढतात. त्याच्या मागचा चौथा नियम आता बदलला आहे. मास्तरांनी टोकदार पेन्सिलीने आधी लिहून दिला आणि मग तो छापला.

तेव्हा मला फार काही मागायचं नाही. तुमच्या घरी नवी पेटी असेल तर तिच्यापुढे पाच मिनिटं गप्प बसा, आणि आकडा येईल तो तसाच लिहा. बाहेरच्यांना मोजण्याआधी आपल्या आई-बाबांना, काका-मावशीला बसवा, कारण घरच्यांना मोजायचं आपण हमखास विसरतो. आणि मोठे होऊन कधी हातात फॉर्म घेऊन कुणाच्या दाराशी गेलात, आणि दाराला कुलूप दिसलं, तर लगेच शेजारी वळू नका. तो चौथा नियम आठवा. अगदी छोटा आहे: ‘कुलूप असल्यास, माणूस किती वाजता येतो ते विचारावे, आणि त्या वेळी पुन्हा जावे.’