पांढऱ्या फुलांचं कुंपण

माझा थोरला भाऊ रोपवाटिकेत आला तो खिशात मोजपट्टी घेऊनच. दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका शोधण्यात त्याची तीस वर्षं कचेरीत गेली. निवृत्त झाल्यावर अर्ज येईनात, तेव्हा त्याने झाडांच्या चुका काढायला घेतल्या.

"पायरीपासून फाटकापर्यंत कुंपण करायचंय," तो म्हणाला. "दीड फूट. एक इंच इकडे नाही, एक इंच तिकडे नाही. सुगंधी हवं, पण मधमाश्या नकोत. पानगळ नको. काटे नकोत. आणि दर रविवारी मी स्वतः छाटणार."

गिऱ्हाईक कितीही मूर्ख असलं तरी मी एकदा नीट समजावून सांगते. मोगरा पसरतो, आणि फुलं नसतात तेव्हा नुसत्या काटक्या दिसतात. कुंतीचा वास घरभर येतो, पण तिला कळ्या धरतात फांद्यांच्या टोकांना. दर रविवारी टोकं उडवलीस तर जन्मात फूल दिसायचं नाही. म्हणून बुटक्या, छाटलेल्या कुंपणाला वास हवा असेल तर तो फुलांत शोधायचाच नाही, पानांत शोधायचा. मी त्याच्यापुढे मरव्याची कुंडी धरली, पान चुरडून त्याच्या नाकाशी नेलं. कात्री लावली की उलट जास्त घमघमतो, म्हटलं.

त्याने नाक मुरडलं. "पानांना वास? माझं अंगण आहे, मसाल्याचं दुकान नाही. पाहुण्यांना फूल दिसायला हवं. पांढरं फूल. पांढऱ्या फुलाला वास असतोच." असं म्हणून त्याने तर्जनी वर केली. ही तर्जनी मी लहानपणापासून बघत आलेय. ती वर गेली की विषय संपतो.

त्याच्या मागेच बुटक्या तगरीची रोपं रांगेने ठेवली होती. गुडघ्याएवढी, गच्च, चकचकीत पानं, चांदण्यांसारखी फुलं. छाटणी मुकाट सोसणारी, आणि त्या जातीला वास औषधालाही नाही. त्याने वाकून एक फूल हुंगलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "वा! बघ, याला म्हणतात सुगंध."

मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघून मला इतकी गंमत वाटली की मी म्हटलं, "तुझ्या नाकापुढे कुणाचं काय चालणार, दादा!" एकशे वीस रोपं टेम्पोत चढवताना माझं हसू थांबत नव्हतं. कुंपण कुणासाठी, कशासाठी, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वसाहतीतल्या लोकांपुढे मिरवायचं असणार, दुसरं काय?

त्यानंतर आठ महिने मी त्याच्या घरी फिरकले नाही. रोपवाटिकेत काम असतं हे खरं, पण त्याचं ते शहाणपण ऐकून घ्यायची हौस नव्हती हे जास्त खरं. मग एकदा त्याचा फोन आला, रविवारी संध्याकाळी चहाला ये, वहिनीचा छोटासा समारंभ आहे. कसला, ते सांगितलं नाही. माहिती दाबून ठेवायची कचेरीतली खोड अजून गेली नव्हती.

गेले तर अंगणात खुर्च्या मांडलेल्या. कुंपण मात्र झकास आलं होतं, सुरीने कापलेल्या वडीसारखं सरळ. वसाहतीचे सेक्रेटरी छाती भरभरून श्वास घेत होते. "फाटकात पाऊल टाकलं की मन प्रसन्न होतं साहेब! काय दरवळ आहे!" शेजारीणबाई म्हणाल्या, "आमच्या खिडकीपर्यंत येतो हो." मी तोंडावर रुमाल धरला. इतकी माणसं, एवढी मोठमोठी नाकं, आणि एकालाही खरं बोलायची हिंमत नाही. दादा तर लग्नातल्या वरबापासारखा मिरवत होता. आठ महिने मुरलेली ही चेष्टा मी अगदी चवीने बघत होते.

तेवढ्यात वहिनी कपबशा घेऊन आली. माझी वहिनी साबणाच्या कारखान्यात वास तपासायची. बावीस वर्षं तिने मान हलवल्याशिवाय एक वडी बाहेर पडली नव्हती. वर्षापूर्वी तिला मोठा ताप येऊन गेला, ती रजेवर आहे, एवढंच मला ठाऊक होतं. अशक्तपणा आहे, असं दादा म्हणाला होता.

"समारंभ कसला गं?" मी विचारलं.

"निरोपाचा," ती म्हणाली. "परवा राजीनामा दिला. तापात मला वास येणंच बंद झालं ना. यांनी तुला सांगितलं नाही?"

घरात काही बिघडलंय हे दादा बहिणीला कशाला सांगेल!

"डॉक्टर म्हणाले होते, रोज वास घेत राहा, हळूहळू येईल परत. कारखाना वर्षभर थांबायला तयार होता. म्हणून तर मी यांच्यामागे लागून हे कुंपण लावून घेतलं. रोज सकाळी पायरीवर बसते, खाली वाकते. अगं, लिंबाचा येतो कधीकधी, पुसटसा. लवंगेचाही आल्यासारखा वाटतो. पण ज्याचा वास शेजारच्या खिडकीपर्यंत जातो तोच मला येत नाही, मग लिंबाचा तरी खरा कशावरून? मनाचे खेळ. असल्या नाकावर पगार कसा घेऊ?"

मी हातातला कप खाली ठेवला.

"वहिनी, या झाडाला वास नाही," मी म्हटलं. "कधीच नव्हता. कुणालाच येत नाही."

सेक्रेटरी खोकले. शेजारीणबाईंना बिस्किटाची बशी एकदम फार आवडली. दादाची तर्जनी वर गेली. "काहीतरीच काय! मला तर रोज येतो."

वहिनी त्याच्याकडे वळली. "रोज सकाळी माझ्या शेजारी उभं राहून तुम्ही म्हणायचात, काय वास सुटलाय आज, तुला येत नाही का? कसला वास येत होता तुम्हाला?"

तर्जनी खाली आली. मला त्याची किळस आली, आणि ती त्याच्यापाशी थांबली नाही, माझ्यापर्यंत आली.

मी वहिनीचा हात धरला. तिने मान किंचित पुढे केली, नाकपुड्या हलल्या.

"तुझ्या हाताला शेणखताचा वास येतोय," ती हळूच म्हणाली. "तू आलीस तेव्हापासून येतोय. मला वाटलं, भास आहे."

"मग राजीनामा परत घे ना! मी येते तुझ्याबरोबर, सांगते त्यांना."

"माझ्या जागी उद्यापासून दुसरी बसतेय. मीच तिला वासांच्या सगळ्या बाटल्या समजावून दिल्या."

तिने माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. मग विचारलं, "यांना ही रोपं देताना तू हसली होतीस?"

खोटं बोलणं अवघड नव्हतं. त्या अंगणात सगळेच बोलत होते.

"हो," मी म्हटलं.