इंगवल्यांचा घाम

इंगवल्यांच्या घामाने फक्त भाऊबंद मरत. परक्याला त्याचा काही त्रास नव्हता. कासार यायचा, सुनांना बांगड्या भरायचा, चहा पिऊन जायचा. घरच्यांनाही काही होत नसे. पण वरच्या आळीतल्या चुलत घरातला कुणी आत आला, की त्याच्या अंगाला सुईएवढी भोकं पडायची आणि तो बसल्या जागी गळून जायचा. मग पोत्याने जमीन पुसून घ्यायची, एवढंच.

सगुणाचा धाकटा, केरबा, लहानपणी त्याच वरच्या आळीत दत्तक गेला. दत्तकाची साखर तोंडात विरघळली आणि तो चुलत झाला. रक्त आपलंच, त्याला काय होतंय, असं म्हणत बाप त्याला खांद्यावर घेऊन घरी आला, तर पोराच्या कानाची पाळी बापाच्या सदऱ्यावर गळाली. तेव्हापासून सगुणाने त्याला ओढ्यापलीकडूनच पाहिलं.

आता त्याचं लग्न ठरलं होतं. तो अक्षत घेऊन येणार होता, आणि सगुणाला एकदा त्याच्या तोंडावरून हात फिरवायचा होता.

घाम कशाने दबतो ते तिला ठाऊक होतं. थंडीत तो सुटत नाही. कच्च्या पपईच्या चिकाने मरतो. आणि माणूस एकटं असलं तर घामाला जोरच नसतो. गर्दी झाली की मात्र चेव येतो. म्हणून तिने माघातली गारठ्याची सकाळ धरली, घरच्यांना जत्रेला पिटाळलं, अंग सोलवटेपर्यंत चीक चोळला आणि ओल्या फरशीवर बसून राहिली.

केरबा आला. तिने त्याच्या गालावर हात ठेवला. काही झालं नाही.

"हात गार आहेत तुझे, आई."

"असू देत. गारच बरे."

तेवढ्यात थोरली जाऊ आत आली. तिच्यामागून दीर, पुतणे, त्यांची पोरं. जत्रा काय, दरवर्षी असते. एकेक माणूस आत येई, तशी भिंत हातभर पुढे सरके. दार कुणाच्या तरी पाठीमागे गेलं ते पुन्हा दिसलं नाही. सगुणाने बाहेर व्हायला सांगितलं. सगळे हो म्हणाले आणि बसले. नवरी गोरी आहे का, भाकरी थापता येते का, अशी चौकशी झाली. पोरगा कुडकुडतोय म्हणून कुणी शेगडी आणली, कुणी चहा.

"आमचाही आहे की तो, सगुणे," जाऊ म्हणाली. "जरा बघू दे."

केरबाने चहाचा घोट घेतला. तो मानेतून बारीक धारेने बाहेर आला.

"आई, मला गळतंय."

तिने धारेवर बोट ठेवलं. धार खांद्यातून निघाली. तिथे दुसरं ठेवलं.

"घट्ट दाब," दीर म्हणाले.

तिने दाबलं. चहाने चीक धुऊन नेला होता, आणि शेगडीची ऊब तळव्यांपर्यंत पोचली होती. तिचा अंगठा आत गेला. तिने तो काढला, तर भोकातून पलीकडे बसलेली जाऊ दिसली. मान वाकडी करून तीही आत बघत होती.